क्रियापद शेवटी

सी मध्ये ओळ अशी असते :
एकूण = भाडे + दिवस * दर;
तिच्यातून मला असं काही काढायचं असतं
जे एका साध्या यंत्राला कळेल.
त्याला हात नाहीत. एक चळत आहे, बस्स.

भाडे ठेव.
दिवस ठेव.
दर ठेव.
गुणाकार कर.
बेरीज कर.
एकूणमध्ये टाक.

रात्री पावणेदोनला, वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्ट क्वार्टर्समध्ये,
फ्रिजवर लॅपटॉप ठेवून उभ्यानं टाइप करताना
(टेबलावर दादांच्या गोळ्या, बीपीचं यंत्र, भांडं)
पहिल्यांदा लक्षात आलं,
अगं, हे तर मराठी आहे.
आधी सगळी नामं येऊन बसतात,
मग शेवटी क्रियापद,
मागून दार ओढून घेणाऱ्या माणसासारखं.
सी अधिकचं चिन्ह मधेच रोवते
आणि उजवीकडून कोण येतंय ते बघत उभी राहते.
मला तिचं झाड उलगडावं लागतं :
डावी फांदी, उजवी फांदी,
खोडाचं नाव सगळ्यांत शेवटी.

दादा इंदिरा डॉकला टॅली क्लार्क. एकतीस वर्षं.
चळत मला त्यांनी शिकवली, मी सातवीत असताना,
क्रेनपासून लांब, पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभं करून :
"तळाचा डबा पायजे ना? मग वरचे तीन उतरव.
माल ज्याचा तो बोंबलतो. बोंबलू दे.
वरचे उतरेपर्यंत तळाचा डबा जगात नसतोच."
पुस्तकाला याच गोष्टीसाठी अडीच पानं लागलीत.

फेब्रुवारीत त्यांना झटका आला.
केईएमची डॉक्टर म्हणाली,
शब्द आहेत आत, सांधे निखळलेत.
आता ते म्हणतात :
चावी.
कपाट.
वैजू.
आणि थांबतात.
आई एकेक क्रियापद लावून बघते,
उघडू? देऊ? हरवली का?
ते मान हलवतात
आणि वर आणखी एक नाम ठेवतात :
पावती.

माझ्या अनुवादकातली चूक निघाली फेरी++ मध्ये.
नियम असा, की आधी जुनी किंमत हातात द्यायची, मग एक वाढवायचा.
म्हणून मी एक प्रत काढून ठेवायचे,
कुणीतरी मागेल म्हणून.
लूपमध्ये कुणीच मागत नव्हतं.
दहा हजार फेऱ्या,
दहा हजार शिळ्या संख्या एकावर एक,
आणि मग कार्यक्रम कोसळायचा,
दर वेळी वेगळ्याच, निरपराध ओळीवर.
तीन रात्री मी त्या ओळींना शिव्या दिल्या.
कुंदर मॅडमनी छापील कागद उलटासुलटा केला, म्हणाल्या,
"उत्तर कुणी उचलणार नसेल
तर ते उचलून टाकायची सूचनाही तूच लिहायची.
यंत्र आपणहून काही विसरत नाही, बाई."

एका शब्दाची दुरुस्ती होती : काढ.
जिथे जिथे अर्धविराम, तिथे तपासायचं
की चळत होती तेवढीच आहे ना.

पहाटे दादा जागे होते.
चावी. कपाट. वैजू. पावती.
मी म्हटलं, थांबा, वरून काढू.
आधी पावत्या शोधल्या. तीन निघाल्या :
गॅसची, चष्म्याची,
आणि नाडकर्णी पार्कजवळच्या लाँड्रीची,
जानेवारीची, मागे चेंदवणकर, एक काळा ब्लेझर.
माझा. इंटरव्ह्यूचा.
तो मी सहा महिने अख्ख्या घरात हुडकला होता,
आईशी भांडून.
कपाटाचं आणि चावीचं काय ते अजून कळलेलं नाही.
ते दोन खाली आहेत तसेच.

तिन्ही पावत्या त्यांच्यासमोर मांडल्या.
त्यांनी तिसरीवर बोट ठेवलं, बराच वेळ दाबून धरलं,
ओठ जुळवले, आणि म्हणाले :
उद्या.

हेही क्रियापद नाही.
मी पुढे अर्धविराम दिला
आणि चहा टाकला.